आधी सुई, मग सलाईन: सुजलेल्या सांध्यासाठी खान्देशात मिळणारी सेवा

हा आढावा एका दवाखान्याचा नाही, एका सेवेचा आहे. सांधा अचानक सुजला, तापला, हलवता येईना, तर आत जंतूंचा पू झालाय का हे ठरवणं, आणि झाला असेल तर तो काढून सांधा वाचवणं, एवढी ही सेवा. ती एका छताखाली क्वचितच मिळते. गावातला डॉक्टर, सुईने पाणी काढणारा, लॅब, ऑपरेशन थिएटर आणि नंतरची सलाइनं-गोळ्या अशा पाच हातांतून पेशंट जातो, आणि प्रत्येक हातात काहीतरी सांडू शकतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ऑपरेशनचा टप्पा खान्देशात बरा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि सांधा उघडून किंवा दुर्बिणीने धुऊन देणारे खासगी अस्थिरोगतज्ज्ञही मोठ्या गावांत सापडतात. गाडी अडते ती त्याच्या आधी. सुई लागण्यापूर्वीच अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं, आणि सुईने काढलेलं पाणी लॅबमध्ये धड पोचत नाही. मग रिपोर्ट येतो, ‘नो ग्रोथ’, म्हणजे एकही जंतू वाढला नाही. त्या दोन शब्दांवर पुढचे चार आठवडे अंदाजपंचे औषधं चालतात.

पहिला टप्पा: गावातला डॉक्टर. पाचपैकी दोन.

‘मना गुडघा दुखस’ एवढ्यावर दिवसाला दहा पेशंट येतात. त्यातल्या बहुतेकांना झीज असते, काहींना गाऊट (युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक साचून होणारी सांधेदुखी), पावसाळ्यानंतर काहींना चिकनगुनिया. पू असलेला पेशंट त्या गर्दीत ओळखायचा कसा? एकच सांधा, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वाढलेली सूज, आणि मुख्य म्हणजे पेशंट झोपलेला असताना डॉक्टरने हळूच पाय हलवला तरी ओरड. सांध्याबाहेरची सूज असेल, म्हणजे गुडघ्याच्या वाटीवरची पाण्याची पिशवी पिकली असेल किंवा नुसती कातडी लाल झाली असेल, तर सांधा बऱ्यापैकी हलवू देतात. आत पू असला की दोन अंशही सोसत नाहीत. मोठ्या माणसांत निम्म्याच्या आसपास वेळा गुडघाच सापडतो. लहान मुलांत खुबा विसरायचा नाही.

ताप नाही म्हणून पू नाही, हा हिशेब चुकीचा आहे. म्हातारी माणसं, मधुमेही, किडनीचे आजार असलेले, संधिवातासाठी स्टिरॉइड घेणारे यांच्यात ताप नसूनही सांधा पुवाने भरलेला असतो. आणि दुखण्यासाठी आधीच डायक्लोफेनॅक किंवा डेक्सामेथासोनचं इंजेक्शन टोचलेलं असेल, तर ताप आणि सूज दोन्ही तात्पुरती उतरतात. पेशंट खूश होतो, तिसऱ्या दिवशी उचलून आणावा लागतो.

या टप्प्यावर आम्ही तीन गुण कापले ते तीन सवयींसाठी. पहिली, गरम सांध्यात स्टिरॉइडची सुई मारणं. आत जंतू असतील तर त्यांना मोकळं रान मिळतं. दुसरी, ‘पाच दिवस गोळ्या घ्या, मग बघू’. जंतू आणि पांढऱ्या पेशींमधून सुटणारी रसायनं काही दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, खाऊ लागतात, आणि एकदा गेलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही. तिसरी, रक्ताचं ‘आर्थ्रायटिस पॅकेज’. त्यात आरए फॅक्टर, एएसओ, युरिक अ‍ॅसिड असं सगळं येतं, पण यातल्या एकाही तपासणीने सांध्यात पू आहे की नाही हे कळत नाही. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं दिसलं की गाऊट ठरवून सगळे मोकळे होतात. ऐन गाऊटच्या झटक्यात ते नॉर्मल येऊ शकतं, आणि गाऊट असलेल्या सांध्यात जंतूही शिरू शकतात, या दोन्ही गोष्टी मग राहून जातात. त्या पैशात साधं हिमोग्राम, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी), क्रिएटिनिन (किडनीची) आणि साखर केली तर पुढच्या डॉक्टरच्या कामाला येते.

चोळणाऱ्याकडे किंवा डाग देणाऱ्याकडे नेण्याबद्दल लांबण लावत नाही. पुवाने भरलेला सांधा चोळू नये, एवढंच.

काट्याचा मात्र वेगळा उल्लेख हवा, कारण शेतात काम करणाऱ्यांच्या बाबतीत तो विचारलाच जात नाही. बाभूळ, बोर किंवा शिंदीचा काटा गुडघ्यात किंवा बोटाच्या सांध्यात घुसतो, बाहेरचा तुकडा काढला जातो, आतलं टोक तसंच राहतं. आठवड्यांनी सांधा सुजतो. एक्स-रेत काटा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसू शकतो. इथे सापडणारे जंतूही नेहमीचे नसतात. वनस्पतींवर राहणारा पँटोइया हा त्यातला ओळखीचा. टोक काढल्याशिवाय कुठलंही अँटिबायोटिक पुरत नाही.

दुसरा टप्पा: सुई.

सगळी सेवा या दहा मिनिटांवर उभी आहे. गुडघ्यातलं पाणी काढायला थिएटर लागत नाही, भूल लागत नाही. स्वच्छ ड्रेसिंग रूम, निर्जंतुक हातमोजे, क्लोरहेक्सिडिन-स्पिरिट किंवा पोव्हिडोन आयोडिन, २० मिलिची सिरिंज आणि १८ नंबरची सुई, बस. आयोडिन लावून लगेच टोचायचं नसतं. ते वाळू द्यावं लागतं, तेव्हाच काम करतं. पाय सरळ, मांडी सैल. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्याशी, वाटीच्या मागच्या बाजूला रोखून सुई आत जाते. दुसऱ्या हाताने आतल्या बाजूने सूज दाबून धरली की पाणी सुईकडे येतं. जितकं निघेल तितकं सगळं काढायचं, कारण हे तपासणी आणि उपचार दोन्ही आहे. ताण उतरला की पेशंटला तिथल्या तिथे हलकं वाटतं.

काय बिघडतं? २२ किंवा २४ नंबरची बारीक सुई वापरली की दाट पू तिच्यातून येतच नाही, आणि केस पेपरवर लिहिलं जातं, ‘ड्राय टॅप’, म्हणजे काहीच निघालं नाही. रिकामी सिरिंज म्हणजे रिकामा सांधा नव्हे. सुई चरबीत अडकलेली असते, पुवात जाळी झालेली असते, किंवा तो खण वेगळाच असतो. अशा वेळी जाड सुईने किंवा सोनोग्राफी लावून पुन्हा करायचं. खुब्याच्या सांध्यात तर सोनोग्राफीशिवाय सुई घालूच नये. सोनोग्राफी पाणी आहे एवढं सांगेल. ते पू आहे की साधं पाणी हे सांगणार नाही, म्हणून ‘मॉडरेट इफ्यूजन’ (सांध्यात मध्यम पाणी) असा रिपोर्ट हातात घेऊन घरी येणं म्हणजे अर्ध्या वाटेतून परतणं.

जिथून सुई घालायची तिथली कातडीच लाल-पिकलेली असेल तर ती जागा टाळून दुसरीकडून जावं लागतं. आणि सांधा कृत्रिम असेल, म्हणजे गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, तर ओपीडीत कुणालाही सुई घालू देऊ नका. ज्यांनी बदलला त्यांच्याकडे किंवा तसं काम करणाऱ्यांकडे थिएटरमध्येच ते व्हावं. तिथले आकडेही वेगळे असतात: स्वतःच्या सांध्यात ज्याकडे काणाडोळा होईल अशा घन मिलिमीटरला ३,००० पांढऱ्या पेशीसुद्धा जुन्या कृत्रिम सांध्यात संशय वाढवतात.

अँटिबायोटिकचा पहिला डोस सुईनंतर, हा नियम. त्याला एकच अपवाद. पेशंटचं बीपी पडतंय, धाप लागलीय, तो बरळतोय, लघवी कमी झालीय, तर सांध्यासाठी थांबायचं नाही. रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घ्यायचे, तेही पाच मिनिटांत, आणि औषध सुरू. तालुक्यातून जिल्ह्याला पाठवायचं असेल आणि वाटेला तीन-चार तास लागणार असतील तरी तब्येत स्थिर असलेल्याला ‘वाटेत बरं’ म्हणून सेफ्ट्रायाक्झोन हे अँटिबायोटिक देऊन पाठवू नका. द्यायचंच असेल तर आधी पाणी काढून सोबत द्या.

या टप्प्याला गुण देणं कठीण, कारण जिथे सुई लागते तिथे ती चांगली लागते. न लागण्याचं प्रमाण जास्त, ही तक्रार आहे.

तिसरा टप्पा: बाटली, ट्यूब आणि लॅब. पाचपैकी दीड.

काढलेलं पाणी तीन ठिकाणी वाटायचं असतं. साधारण १ मिलि जांभळ्या टोपीच्या ईडीटीए (गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये, पेशी मोजायला. १-२ मिलि निर्जंतुक साध्या ट्यूबमध्ये, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि प्लेट कल्चरसाठी. बाकीचं थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत: मोठ्यांच्या बाटलीत ८ ते १० मिलि, मुलांच्या बाटलीत १ ते ३ मिलि. बाटलीचं झाकण काढलं तरी आतलं रबर निर्जंतुक नसतं. ते स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं. थेंबभरच निघालं तर? पहिला थेंब कल्चरला, दुसरा काचपट्टीवर. पेशींची मोजणी सोडून द्या.

बाटलीत का, याला कारण आहे. सांध्यातल्या पुवात जंतू थोडे असतात आणि पांढऱ्या पेशी त्यांना खात असतात. बाटलीतलं पातळ पोषकद्रव्य हे सगळं पातळ करतं, आणि ज्या बाटल्यांत रेझिनचे मणी असतात ते आधी घेतलेल्या अँटिबायोटिकचा काही भाग शोषून घेतात. सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांत सापडणारा किंगेला नावाचा जंतू तर प्लेटवर रुसून बसतो आणि बाटलीत वाढतो.

आता खान्देशचा खास प्रश्न: ऊन. यातल्या नेहमीच्या एका जातीच्या बाटल्यांवर साठवणीचं तापमान २ ते २५ अंश असं छापलेलं असतं, उजेडापासून दूर. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५च्या घरात असताना ड्रेसिंग ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात महिनाभर पडलेली बाटली कशी राहील याचा विचार करा. रिकामी बाटली एसी खोलीत किंवा फ्रिजमध्ये ठेवायची, वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि तारीख बघायची. पाणी भरलं की मात्र उलटा नियम: भरलेली बाटली फ्रिजमध्ये कधीच नाही. काही जंतू थंडीत मरतात, गोनोकॉकस (परम्याचा जंतू) हा त्यातला पहिला. ‘फ्रिजमध्ये ठेव, सकाळी लॅबवाला नेईल’ हे वाक्य या सेवेतलं सगळ्यात महाग वाक्य आहे. गाडीच्या डॅशबोर्डवरही नाही. बर्फ न घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी लॅबच्या कल्चर मशीनमध्ये गेली पाहिजे. साध्या ट्यूबमधला नमुना तर तासाभरात लॅबमध्ये हवा.

आणखी दोन घोटाळे वारंवार होतात. एक, पू निर्जंतुक कापसाच्या काडीवर टिपून पाठवणं. काडीला थोडंच चिकटतं, वाटेत सुकतं. सिरिंजमध्ये पाच मिलि पू असताना काडी पाठवण्यात काय मतलब? दुसरा, थिएटरमधली सवय. बायोप्सी म्हटलं की फॉर्मॅलिन, म्हणून सांध्याच्या अस्तराचा तुकडाही फॉर्मॅलिनमध्ये जातो. तिथे सगळे जंतू मेले, कल्चर संपलं. तुकडे वेगवेगळ्या जागांचे तीन ते पाच घ्यावेत. फॉर्मॅलिनमध्ये एकच, बाकीचे निर्जंतुक डब्यात थोड्या सलाईनवर.

लॅब निवडताना एक प्रश्न विचारा: सांध्याच्या पाण्यातल्या पेशी मशीनवर मोजता की हाताने? हे पाणी चिकट असतं, ऑटोमॅटिक काउंटरमध्ये अडकतं किंवा आकडा चुकवतं. हाताने मोजतानाही एक खोच आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या नेहमीच्या द्रावणात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं. ते या पाण्यात घातलं की आतला चिकट पदार्थ गोठतो, पेशी त्यात अडकतात आणि ६०,००० असलेला आकडा खूप कमी दिसू शकतो. सलाईनने पातळ करून मोजायचं असतं. हे ज्या टेक्निशियनला विचारल्याबरोबर सांगता येतं, त्या लॅबला डोळे मिटून पाणी द्यावं.

आकडे असे वाचतात. निरोगी सांध्यात घन मिलिमीटरला २००पेक्षा कमी पेशी. संधिवात, गाऊट यांत २,००० ते ५०,०००. ५०,०००च्या वर आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतील तर पू धरूनच चालायचं, १ लाखाच्या वर तर शंका फारशी उरत नाही. पण ही भिंत नव्हे. २५,००० पेशी असलेला पूही असतो, विशेषतः आजार नुकताच सुरू झाला असेल किंवा औषधं आधी पोटात गेली असतील तर. गाऊटचे स्फटिक दिसले म्हणून कल्चर रद्द करायचं नाही.

ग्रॅम स्टेन एका तासात होतो आणि जंतू दिसले तर सोन्यासारखा. दिसले नाहीत तर मात्र तो काहीच सिद्ध करत नाही. खरोखर पू असलेल्या सांध्यांतही साधारण निम्म्यांत तो रिकामा येतो. कल्चरचा पहिला अंदाज २४ ते ४८ तासांत, शेवटचा रिपोर्ट पाच दिवसांनी. रक्ताचे दोन कल्चरही सोबत पाठवायलाच हवेत, कारण काही पेशंटमध्ये जंतू फक्त रक्तात सापडतो.

चिठ्ठीवर ‘नी फ्लुइड – सी/एस’ (गुडघ्याचं पाणी, कल्चर करा) एवढंच लिहून पाठवणाऱ्यांवर आमचा राग आहे. लॅबला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: अँटिबायोटिक घेतलंय का आणि कधी, पेशंट गुरं-शेळ्या पाळतो का किंवा कच्चं दूध पितो का, आणि सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे का. दुसऱ्या प्रश्नामागे ब्रुसेला हा गुरांकडून येणारा जंतू आहे. तो कंबरेखालचा माकडहाडाजवळचा सांधा किंवा खुबा धरतो, हळू वाढतो, आणि लॅबमधल्या माणसालाच लागण करू शकतो. म्हणून आधी सांगणं हा शिष्टाचारसुद्धा आहे. त्याला डॉक्सिसायक्लिनसोबत दुसरं औषध किमान सहा आठवडे लागतं, त्याहून लवकर थांबवलं तर तो पुन्हा डोकं काढतो.

सिकलसेलचा प्रश्न नंदुरबारकडे आणि धुळ्याच्या शिरपूर-साक्री पट्ट्यात सोडून चालत नाही. भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार बराच आहे. सिकलसेलच्या झटक्यातही हाड-सांधे भयंकर दुखतात, ताप येतो, सीआरपी वाढतो. म्हणून खरा पू ‘क्रायसिस आहे’ म्हणून आठवडाभर सलाईनवर ठेवला जातो. या मुलांत साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडच्या कुळातला जंतू, हाडात बसतो आणि तिथून सांध्यात उतरू शकतो. एकाच सांध्यात पाणी असेल तर सिकलसेल असो-नसो, सुई लागलीच पाहिजे.

क्षयाचं गणित उलटं. सांधा आठवडे-महिने सुजलेला, फार गरम नाही, मांडी वाळलेली, साधं कल्चर स्वच्छ. इथे अस्तराचा तुकडा सीबीनॅटला (क्षयाचे जंतू शोधणारी मशीन-तपासणी) पाठवायचा. ती सोय सरकारी यंत्रणेत मोफत आहे आणि औषधंही. फक्त पाण्यापेक्षा तुकड्यात सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून कल्चर रिकामं आलं की घाईने ‘टीबीच असेल’ म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी तुकडा घ्या.

एक्स-रे? पहिल्या आठवड्यात तो बहुतेक वेळा नॉर्मल येतो. पुढे तुलना करायला एक काढून ठेवायचा, बस. एमआरआयची रांग लागली म्हणून धुलाई लांबवायची नाही.

मुलांचा खुबा: इथे घड्याळ वेगळं चालतं.

खुब्याच्या सांध्यात पू दाटला की मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा दाबाने बंद पडू शकतो. उशीर आयुष्यभराचा लंगडा पाय देऊ शकतो, हे अतिशयोक्तीने लिहिलेलं नाही. तान्ह्या बाळाला ताप नसूही शकतो, ते एका पायाची हालचाल करत नाही आणि लंगोट बदलताना किंचाळतं. घरच्यांना वाटतं लकवा आला. चालत्या मुलाबाबत १९९९मध्ये बोस्टनच्या कोकर आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या चार खुणा अजूनही उपयोगी आहेत: ३८.५ अंशांवर ताप, पायावर भार न देणं, ईएसआर (दाह दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) ४० किंवा वर, पांढऱ्या पेशी १२,०००च्या वर. त्यांच्या मुलांमध्ये दोन खुणांवर पूची शक्यता ४० टक्के, तीनवर ९३, चारवर ९९ निघाली. नंतरच्या दवाखान्यांत आकडे थोडे उतरले, तरी दिशा तीच राहिली. सीआरपी लिटरला २० मिग्रॅच्या वर असेल तर ती पाचवी खूण. तीन खुणा जमल्या आणि तुमच्या गावात मुलांचा खुबा उघडणारा सर्जन नसेल, तर १०८ बोलवा आणि निघा. खुब्यात पुन्हा पुन्हा सुई घालण्याचा प्रयोग करत बसण्यापेक्षा सांधा उघडून धुतलेला बरा.

चौथा टप्पा: धुलाई. पाचपैकी चार.

हा भाग चांगला मिळतो. गुडघा दुर्बिणीने दोन भोकांतून धुता येतो. तीन-तीन लिटरच्या सलाईनच्या पिशव्या लावून ६ ते ९ लिटर पाणी फिरवतात, जाळी आणि खराब अस्तर काढतात, अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला नसेल तर नमुने घेऊन लगेच देतात. दुर्बीण नसेल तर उघडून धुणं कमी दर्जाचं नाही. उशिरा आलेल्या दाट पुवात कधीकधी तेच बरं. रोज सुईने रिकामा करत राहणं हाही मान्य मार्ग आहे, पण पाणी दर दिवशी कमी आणि पातळ होत असेल तरच. सांध्यात अँटिबायोटिकची पावडर किंवा इंजेक्शन सोडायची गरज नसते. शिरेतून दिलेलं औषध सांध्यात पुरेसं उतरतं. बिलात तो आयटम दिसला तर विचारा.

एका धुलाईत काम होईलच असं नाही. दोन-तीन दिवसांत ताप आणि सीआरपी उतरले नाहीत तर पुन्हा धुवावं लागतं, आणि ते डॉक्टरचं अपयश धरू नये. हे नातेवाइकांना आधी सांगणारा सर्जन चांगला. एक गुण कापला तो प्लास्टरसाठी. दुखणं कमी व्हायला एक-दोन दिवस पट्टी ठीक, पण महिनाभर प्लास्टर घातलेला गुडघा पुवातून वाचून आखडून जातो. दुखणं सोसेल तसं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हलवणं सुरू व्हायला हवं.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण दवाखाना योजनेत असला पाहिजे आणि तुमचं ऑपरेशन पॅकेजच्या यादीत. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच गाठा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. तातडीच्या केसमध्ये मंजुरी फोनवर सुरू करता येते. ‘मंजुरी येऊ द्या, मग धुऊ’ हे ऐकून घेऊ नका.

पाचवा टप्पा: औषध. पाचपैकी अडीच.

सर्वांत जास्त सापडणारा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो साध्या जातीचा निघाला तर सेफाझोलिन, मोठ्या माणसाला सहसा २ ग्रॅम दर ८ तासांनी. हे औषध स्वस्त आणि चोख, तरी विस्मरणात गेलेलं. एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारी जात, निघाला तर व्हॅन्कोमायसिन, वजनाच्या किलोमागे १५ ते २० मिग्रॅ, किडनीप्रमाणे दर ८ ते १२ तासांनी. ते १ ग्रॅमला किमान एक तास लावून सोडायचं. घाईत सोडलं की चेहरा-छाती लाल होते, खाज सुटते, बीपी पडतं आणि ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून चांगलं औषध कायमचं बाद होतं. क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांनी बघायचं. रिपोर्ट येईपर्यंत व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्ट्रायाक्झोन अशी जोडी देतात. रिपोर्ट आल्यावर एक बंद करणं ही खरी परीक्षा, आणि इथेच गुण जातात. ‘चांगलं चाललंय, राहू द्या’ म्हणून दोन्ही दोन आठवडे चालतात.

किती दिवस? स्टॅफला एकूण तीन ते चार आठवडे हा रूढ हिशेब, मुलांत बऱ्याचदा त्याहून कमी. सगळे दिवस सलाईनच हवं असं मात्र राहिलेलं नाही. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ओव्हिवा चाचणीत हाड-सांध्यांच्या संसर्गाचे १,०५४ पेशंट होते. पहिल्या आठवड्यानंतर गोळ्यांवर आणलेले वर्षअखेरीस शिरेतून औषध घेणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत. तळोद्याच्या किंवा यावलच्या शेतकऱ्याला महिनाभर जिल्ह्याच्या गावी खोली करून राहण्यापेक्षा हे परवडतं. अट एकच, गोळी रिपोर्टमध्ये चालणारी आणि हाड-सांध्यात पोचणारी हवी. लिनेझोलिड दिली तर दर आठवड्याला हिमोग्राम, कारण दोन आठवड्यांनंतर प्लेटलेट पडू शकतात. रिफॅम्पिसिन एकटी कधीही नाही.

सुधारणा मोजायची ती सीआरपीवर, ईएसआरवर नाही. पू निघून औषध लागू पडलं की सीआरपी दिवसागणिक उतरतो. ईएसआर आठवडे रेंगाळतो आणि उगाच घाबरवतो.

सुटीच्या कागदावर पुढच्या गोष्टी आहेत का ते बघूनच दवाखाना सोडा: जंतूचं नाव, सेन्सिटिव्हिटीची (कुठलं औषध चालेल त्या रिपोर्टची) प्रत, किती वेळा धुतलं त्या तारखा, औषध सुरू झाल्याची आणि थांबवायची तारीख, सीआरपीचे सगळे आकडे, पुढची रक्ततपासणी कधी. ‘टॅब. फॉर फाइव्ह डेज, फॉलो अप एसओएस’ असा कागद परत करा आणि नीट लिहून मागा. मुलाचा खुबा असेल तर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि पुढे वाढ पूर्ण होईपर्यंत दरवर्षी एक्स-रे आणि दोन्ही पायांची लांबी मोजायची, हेही त्याच कागदावर हवं. वाढीच्या थराला लागलेला धक्का पाचव्या वर्षी दिसत नाही, बाराव्या वर्षी दिसतो.